त्या बातमीचे पेढे

हे माझ्या तोंडून अजून एकदाही बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यासमोर नाही, देवासमोर नाही. सात वर्षं झाली. लिहायला बसले की आधी टेबल पुसते, मग चहा करते, मग तेच टेबल पुन्हा पुसते. आज लिहिते आहे, कारण गेल्या शुक्रवारी मी एक पेढा खाल्ला — आणि तो खाली उतरलेला नाही.

शुक्रवारी सगळ्यांना सुट्टी. मस्कतमध्ये, अल् खुवैरच्या आमच्या घरी चार-पाच मराठी कुटुंबं नाश्त्याला जमतात. पोहे अजून झाकणाखाली होते, तेवढ्यात गोखले वहिनी मोबाइल उंच धरून आत आल्या. अमेरिकेतली ती मोठी संघटना, बंदूक बाळगण्याच्या हक्कासाठी भांडणारी — तिचा पैसा आटत चाललाय, सभासद गळताहेत, कचेरीतली माणसं कमी करताहेत, अशी बातमी होती.

"खलास! दिवाळं वाजणार त्यांचं," वहिनी म्हणाल्या. येताना पेढे घेऊन आल्या होत्या. पहिला माझ्या हातावर ठेवला. "ताई, आधी तुम्ही. तुमच्या अवीला आज बरं वाटलं असेल."

कोणीतरी म्हणालं, आता म्हणावं पापड लाटा. ग्रुपवर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. फक्त कांबळे साहेब बशीत बघत म्हणाले, "पैसे त्यांचे आटले. घराघरांतल्या बंदुका कुठे आटल्यात?"

"तुम्ही ना साहेब, पेढासुद्धा कडू करून खाता!"

सगळे हसले. मीही हसले.

अवी माझा धाकटा भाऊ. तिकडे टेक्सासला त्याचं दुकान होतं. तो गोळी लागून गेला — स्वतःच्या घरात, स्वतःच्या पिस्तुलाने, स्वतःच्या हाताने. हे मी कधी लपवलं नाही, आणि त्याबद्दल लोक मला धीराची समजतात. त्यांना आणखी एक गोष्ट माहीत आहे: ताईने त्याला बजावलं होतं, ते पिस्तूल घराबाहेर काढ म्हणून. त्याने ऐकलं नाही. हट्टी होता.

त्या संघटनेचा मला राग नाही असं समजू नका. दुकानात चोरी झाली, तेव्हा अवीने पिस्तूल घेतलं, सभासदही झाला. वर्गणीची पत्रं त्याच्या नावाने अजून येतात. माझी भावजय वैशाली त्यांचे फोटो पाठवते. हल्ली जास्तच येतात — तंगी आहे ना. मेलेल्या माणसापुढे हात पसरतात! सात वर्षं मी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचलं. शाळेच्या लायब्ररीत नोकरी आहे, शोधून वाचणं मला जमतं. इतकं कशाला वाचलं? राग धरायला कोणीतरी लागतं. दूरचं, मोठं, श्रीमंत कोणीतरी. आता तेच खंगत चाललं तर माझ्यासमोर उरतं कोण?

बघा, अजून मी त्यांच्याबद्दलच बोलते आहे.

दुकान बंद पडल्यावर अवी गप्प झाला होता. दाढी करायचा नाही, जेवायचा नाही. त्या वर्षी दिवाळीत वैशालीचा फोन आला. "ताई, ते पिस्तूल मला घरात नको आहे. मी बोलले की चिडतो. तुम्ही सांगा ना, थोडे दिवस कोणाकडे तरी ठेव म्हणून. तुमचा शब्द तो मोडणार नाही." मी म्हटलं, भाऊबीजेला सांगते.

आमची भाऊबीज फोनवर व्हायची. इथली संध्याकाळ, तिकडची सकाळ. मी पाटावर तांब्याला फोन टेकवून ठेवायची, पाटाभोवती रांगोळी — आणि निरांजनाने त्या काचेवरच्या चेहऱ्याला ओवाळायची. "लांबून गं, ताई, वितळेन मी," हा त्याचा दरवर्षीचा विनोद. त्या वर्षीही केला. हसला नाही, पण केला.

इकडून व्हिडिओ कॉल धड लागत नाहीत. अर्ध्या वाक्यात चेहरा थिजतो, आवाज तुटतो. फोन लागला नाही म्हटलं की मस्कतमधल्या माणसाला कोणी दुसरा प्रश्न विचारत नाही. त्या दिवशी मात्र कॉल स्वच्छ लागला होता. त्याच्या गालाचं हाड दिसत होतं.

ओवाळून झालं. तो म्हणाला, "ओवाळणी काय हवी, ताई? माग. काहीही माग."

काहीही — असं म्हणाला तो. मला एवढंच म्हणायचं होतं: ते पिस्तूल घराबाहेर जाऊ दे, तीच माझी ओवाळणी. वाक्य तयार होतं. सकाळी कणीक मळताना दोनदा म्हणून पाहिलं होतं. भाऊबीजेच्या पाटावर बसलेला भाऊ नाही म्हणतो का?

मी म्हटलं, "एखादं पुस्तक पाठव."

का? सणाचा दिवस खराब होईल म्हणून? तो चिडेल म्हणून? सात वर्षं मी हे प्रश्न उलटेपालटे करून पाहिले. उत्तर फार लहान आहे. मला अवघड बोलायचं नव्हतं. पुस्तकांत रमणाऱ्या बाईला लोक मनाने हळवी समजतात. मी भित्री होते.

पण भित्रेपणावर थांबले असते तरी —

तासाभरात वैशालीचा मेसेज आला: बोललात का? मी लिहिलं: "हो. चांगलं खडसावलं. या आठवड्यात मित्राकडे देतो म्हणाला." तीन वाक्यं, तिन्ही खोटी. नुसतं 'हो' लिहिलं असतं तरी चाललं असतं. मी ते सजवलं. ती निर्धास्त झाली. शेजाऱ्यांना बोलावून त्या दिवशीच पिस्तूल त्यांच्या हवाली करायचं तिने ठरवलं होतं. माझ्या मेसेजमुळे थांबली. हे तिनेच मला नंतर सांगितलं — तक्रार म्हणून नव्हे, स्वतःला दोष देत.

तीन आठवड्यांनी अवी गेला. पुस्तक तोवर आलं होतं. माझं अर्धं वाचून झालं होतं. उरलेलं मी नंतर वाचलं.

वैशाली फोनवर रडत म्हणाली, "ताई, तुमचंसुद्धा ऐकलं नाही हो त्याने." खरं सांगायची ती वेळ होती. मी म्हटलं, "लहानपणापासून हट्टीच होता." तो शब्द माझा. आज सगळे वापरतात तो.

त्याची मुलगी इरा तेव्हा तेरा वर्षांची होती. आता कॉलेजात आहे. खोलीत बाबाचा फोटो लावत नाही. त्याच शुक्रवारी, पाहुणे गेल्यावर, मी पेढ्यांचा डबा बंद करत होते तेव्हा तिचा फोन आला.

"आत्या, न्यूज बघितली? इथे माझे फ्रेंड्स सेलिब्रेट करतायत. मला काहीच फील होत नाही." तिला मराठीत शब्द लवकर सापडत नाहीत. "बाबाला तर तू सांगितलं होतं ना. तो ऐकला नाही. तुझ्यासाठी पण नाही, माझ्यासाठी पण नाही. हो ना, आत्या?"

कॉल स्वच्छ लागला होता.

मी म्हटलं, "हो गं."

अवी हट्टी नव्हता. मी थांब म्हटलं की रस्त्यात जिथे असेल तिथे थांबायचा, पुन्हा हाक मारेपर्यंत हलायचा नाही. त्या दिवशी पाटावर तो माझं ऐकायलाच बसला होता. मी थांब म्हटलं नाही.