सरूबाईंच्या शेतातला हत्ती

रिटायर झालेली माणसं काशीला जातात. मी हाडं उचलायला निघालो. नांदेडच्या एका कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या सरांनी मांजरेकाठच्या जीवाश्मांसाठी (दगड होऊन टिकलेल्या हाडांसाठी) हौशी मदतनीस मागितले आणि मी नाव दिलं. "घरातली हाडं कुरकुरतात ती कमी पडली का?" एवढं बोलून बायकोनं धपाटे (ज्वारीच्या पिठाचे, तिखट) बांधून दिले.

लातूरच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. जिकडेतिकडे पेट्या, गाद्यांच्या वळकट्या आणि पोरांना क्लासला सोडायला निघालेले आईबाप. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "तुमचं कुणी हाय का लातुरात?"

"हत्ती आहे," मी म्हणालो. त्यांनी गादीची वळकटी आमच्या दोघांच्या मध्ये उभी केली.

सर आदल्या दिवशीच लातूरला आले होते; तिथून त्यांच्या जीपनं नदीकाठचं गाव गाठलं. सोयाबीन निघालं होतं, तूर डोक्याएवढी झाली होती. यंदाच्या पुरानं शेताकडेची दरड खचली होती आणि तिच्यातून हत्तीचा जबडा अर्धा बाहेर आला होता. पुढचा पूर तो घेऊनच जाणार, हे दिसतच होतं. एकेक दाढ माझ्या वहाणेएवढी! हजारो वर्षांपूर्वी इथं हत्ती चरत होते, या विचारानं मी खरोखर हात जोडले.

जबड्याशेजारी शेताच्या मालकीण सरूबाई हळदकुंकू घेऊन बसल्या होत्या. मागच्या खेपेला इथंच दिसलेलं पायाचं हाड कुठं गेलं, असं सरांनी विचारलं.

"ते? सोडलं की नदीत. आजवर निघाली तेवढी सगळी सोडली. अस्थी काय उघड्यावर पडू द्याव्या?"

सर चिडलेच. "मावशी, ती माणसाची नव्हती हो. हत्तीची होती."

"मग? हत्तीला जीव नव्हता?"



दुपारी सरूबाईंनीच आम्हाला भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. वाढता वाढता म्हणाल्या, "माझं माहेर भूकंपात गेलं. धाकटा भाऊ किसन, त्याची लेकरंबाळं, कुणी उरलं न्हाई. एका सरणावर किती माणसं! किसनची राख कोणची, कुणाला ठावं? सावडायला (अस्थी गोळा करायला) गेले, तशीच रिकाम्या हातानं आले. तवापासून नदी जे हाड देती, ते किसनचं समजून पाण्यात सोडत आले."

सरांचा राग कुठल्या कुठं गेला.

"हे न्या तुम्ही," शेवटी सरूबाई म्हणाल्या, "पण मांजरेचं पाणी लागल्याबिगर उचलू द्यायची न्हाई."

आता आली का पंचाईत! त्या भेगाळलेल्या हाडावर पाणी ओतलं असतं तर भुगाच झाला असता. सरांनी प्लास्टरचं पोतं पुढं ओढलं. हाडाला कागद लपेटायचा, वरून प्लास्टरमध्ये भिजवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या बसवायच्या आणि मग उचलायचं, अशी त्यांची रीत. ते म्हणाले, "मावशी, हे कालवायला पाणी लागतंच. तुम्ही आणा."

सरूबाईंनी नदीवरून घागर आणली. पहिलं घमेलं मी गप्पा मारत कालवलं आणि ते तिथंच घट्ट झालं. "ह्याचा बी दगड केला की!" म्हणत त्या हसल्या. पुढच्या पट्ट्या त्यांनीच बसवल्या. तापलेल्या लेकराच्या कपाळावर घडी ठेवावी तशा, एकेक दाबून. ओठ सारखे हलत होते. जबडा अख्खा निघाला. सरांनी वाकून त्यांच्या पायाला हात लावला, त्याचं मला फार बरं वाटलं.

निघताना सरूबाईंनी बजावलं, "घरी आंघोळ केल्याबिगर चुलीपाशी जाऊ नका."

नांदेडला जबडा कॉलेजात पोचवून मी घरी आलो. इतकी वर्षं भूकंप म्हटलं की मला पडलेली घरं आठवायची. आता ती रिकाम्या हातानं परतलेली बाई आठवेल. हत्तीवरून बायकोला चिडवायचं वाटेत पक्कं ठरवलं होतं. पण उंबऱ्याबाहेरच थांबलो आणि म्हणालो, "आधी आंघोळीला पाणी काढ."

तिचा चेहरा उतरला. "अगं बाई! कोण गेलं?"

"सरूबाईंचा भाऊ. किसन," मी म्हणालो. "सावडून आलो."