पत्र्याखाली चार बोटं

चारबोटे मामा कुणाच्याही घरात शिरले की माणसांच्या आधी छपराकडे बघायचे. लग्नघर असो की बारसं, उंबरठ्यातच मान वर. यजमानानं हात जोडून या म्हणावं आणि यांनी विचारावं, पत्रा कधी घातला? एका साखरपुड्यात मी त्यांना कोपरानं ढोसलं, तर चारचौघांत माझ्यावरच खेकसले.

चारबोटे हे त्यांचं आडनाव नव्हतं. खरं आडनाव आता कुणाला आठवतही नाही. ते नंदिगड्ड्याचे सुतार. आमच्याकडे वानरांनी कौलं फोडून लोकांना जेरीस आणलं, तेव्हा एकेकानं कौलं उतरवून पत्रे घातले. वानरं हरली, पण घरांच्या भट्ट्या झाल्या. मामांनी काही वर्षं गोव्यात कोंबड्यांच्या शेड बांधल्या होत्या. तिथं पत्र्याखाली चकचकीत फॉईल ताणून लावत. तापलेल्या पत्र्याची धग खाली यायला लागली की ही फॉईल ती परत वर धाडते. "कोंबड्या गारव्यात नि मानसं धगीत, ह्ये मला बघवंना," असं म्हणत ते गावी परतले आणि घरोघरी फॉईल लावू लागले.

त्यांची अट एकच होती. पत्रा आणि फॉईल यांच्यात चार बोटं मोकळं वारं पाहिजे. दोन्ही चिकटले की धग सरळ खाली उतरते. खिशात टेप असायचा, पण मोजायचे हातानंच. फॉईल धरणारी लाकडी पट्टी ठोकायची, फटीत बोटं घालायची, मान हलवायची, पट्टी उपटायची, पुन्हा ठोकायची. एका खोलीला आठ दिवस. बघणाऱ्याचं डोकं फिरायचं.

आमच्या घराचं काम काढलं तेव्हा मला घाई होती. आई दोनदा भर दुपारी भोवळ येऊन पडली होती. बेळगावच्या दादानं फोनवर सांगून टाकलं होतं, शिमगा झाला की गाडी घेऊन येतो आणि तिला कायमची इकडे आणतो. त्याच्या फ्लॅटचं नाव निघालं की आईच्या डोळ्यांत पाणी यायचं. "मला हितंच ऱ्हाऊ द्या," एवढंच म्हणायची. आणि अशा वेळी मामा निम्मं छप्पर तसंच सोडून उळवीच्या जत्रेला चालत गेले. दर वर्षी जातो म्हणाले, चुकवणार नाही.

मी कपाळाला हात लावला. ती पोकळी तर मला मुळातच नको होती. जंगलातलं घर आमचं, मोकळी जागा दिसली की साप आणि कांडेचोरासारखी रानमांजरं मुक्कामाला येणारच. मी उरलेली फॉईल सरळ पत्र्यालाच चिकटवली. दोन दिवसांत काम फत्ते, आणि दिसायलाही झकास. आईला मात्र घाम फुटायचा तो फुटतच राहिला.

मामा जत्रेहून लेकीकडे गेले, तिथं रमले, आणि शिमगा झाल्यावर उगवले. शिडीवर चढून त्यांनी माझ्या फॉईलला तळहात लावला, झटकन मागे घेतला, आणि ती फाडायला लागले. माझा पारा चढला. दादा चार दिवसांनी येणार होता, नवी गुंडाळी रामनगरहून आणावी लागणार होती. मी त्यांना नको नको ते बोललो. साप शिरला तर जबाबदार कोण, हेही विचारलं.

आईला ते अक्का म्हणत. शिडीवरूनच म्हणाले, "तुला सापाचं भ्या हाय. मला अक्काच्या जिवाचं हाय."

सापासाठी त्यांनी फटींच्या तोंडांना बारीक जाळी ठोकली. एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती, याचा राग मला त्यांच्यावरच आला. आणि त्या चार दिवसांतही त्यांची बोटं मोजायची थांबली नाहीत.

शेवटची पट्टी सकाळी ठोकली आणि दुपारी दादा आला. जेवला, जरा पडतो म्हणून माजघरात चटईवर आडवा झाला, आणि चारपर्यंत घोरला. उठला तेव्हा शेजारी आई गाढ झोपलेली होती, कपाळ कोरडं. तो बराच वेळ तिच्याकडे बघत बसला. मग चहा घेतला, पुढच्या महिन्यात बघू म्हणाला आणि एकटाच गेला. त्या पुढच्या महिन्याचा विषय त्यानं परत कधी काढला नाही.

आई आणखी तीन उन्हाळे त्या घरात राहिली. गेली तीही तिथंच, वैशाखातल्या दुपारी, झोपेत. मामा आले आणि तिच्या पायाशी बसले. त्यांनी मला हळूच विचारलं, "शेवटाला घाम आलता काय रं अक्काला?"

मी नाही म्हणालो.

"मग झालं," म्हणाले, आणि उपरण्यानं डोळे पुसले.

त्यांचे आभार मानायचे होते, पण तेव्हा मला नुसतं रडू आलं. आईचे दिवस झाल्यावर नीट घरी जाऊन बोलू, असं ठरवलं. मग पेरणी आली, लावणी आली, आणि श्रावणात मामाच गेले. आयुष्यभर या माणसाला मी घाई केली, आणि एवढ्या एका कामाला मला उशीर झाला.