पडद्यावरचं छत्तीस

निमगाव केतकीतल्या एका अंडी उबवण्याच्या शेडमधले चार चांगले थर्मामीटर मी माझ्या हातानं काढून घेतले आणि त्यांच्या जागी कॉम्प्युटर बसवला. थर्मामीटर व्यवस्थित चालू होते. कुणाची तक्रार नव्हती. मला कुणी बोलावलंही नव्हतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बारामतीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. म्हणजे पाटी होती, टेबल होतं, आणि गिऱ्हाईक येईपर्यंत वेळच वेळ होता. त्या वेळात मी विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सच्या नादी लागलो. एका मासिकासोबत त्याची सीडी फुकट आली होती. फुकट वस्तूवर मी जेवढी मेहनत घेतली तेवढी परीक्षेवर घेतली असती, तर बारामतीत पाटी लावून बसावं लागलं नसतं.

निमगावची शेड माझ्या कॉलेजातल्या दोस्ताच्या घरची. दोस्त नोकरीनिमित्त लांब, त्यामुळे शेड वहिनी सांभाळायच्या. घराणं मेंढरांचं. शेवटचा कळप विकून त्यांनी उबवणीच्या चार पेट्या घेतल्या होत्या. दोस्ताचे वडील, आबा, मेंढरं गेल्यापासून शेडच्या दारात घोंगडीवर बसून असायचे आणि लाईट गेली की तीच घोंगडी उचलून पेटीवर टाकायचे, ऊब राहावी म्हणून. बाकीच्या तीन पेट्यांसाठी तीन घोंगड्या वेगळ्या. गावातल्या बाया गावरान अंडी अर्धलीनं आणून द्यायच्या. एकवीस दिवसांनी पिल्लं निघाली की निम्मी अंडीवालीची, निम्मी वहिनींची. कुठं लिहिलेलं काही नाही. सगळं वहिनींच्या शब्दावर.

अशा ठिकाणी मी जाऊन म्हणालो, "वहिनी, सारखं वाकून काचेतून पारा काय बघताय? मी तुम्हाला पडद्यावर आकडा दाखवतो."

"दिसतोय की हितनं," वहिनी म्हणाल्या.

"तरी पण," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातली बरीच कामं या दोन शब्दांवर उभी आहेत.

तापमान मोजणारं एक कार्ड मी मिळवलं होतं. ते कॉम्प्युटरच्या पोटात बसवायचं, त्याच्या वायरी पेट्यांत सोडायच्या. पुढचं काम कर्नलचं. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, कॉम्प्युटरच्या आतला तलाठी. सगळी मेमरी म्हणजे शिवार, तिचे गट नंबर पाडलेले. त्यातला एखादा गट नुसता नावाला. तिथं जमीन नसते, तिथं आपलं कार्ड उभं असतं. त्या नंबरावर जाऊन बघितलं की मेमरी नाही, पेटीतलं तापमान दिसतं. फक्त तलाठ्याला आधी रीतसर सांगावं लागतं, की हा गट कार्डाचा, याची वाट मला काढून दे.

मी ते सांगितलं नाही. सरळ त्या नंबरात घुसलो. कर्नलनं पडदाभर आकडे ओकले, मागितलेल्या पत्त्यावर काहीच नाही असं इंग्रजीत कळवलं आणि मान टाकली. या प्रकाराला त्या जगात 'ऊप्स' असंच म्हणतात. पंधरा दिवस माझ्या दुकानात रोज ऊप्स होत होतं. शेवटी वाट रीतसर काढून घ्यायला शिकलो. वायरीचं टोक चहाच्या कपात बुडवलं, आकडा सरसर चढला. मी तो चहा आनंदानं पिऊनही टाकला.

निघायच्या आदल्या दिवशी मात्र हात शिवशिवले. कॉम्प्युटर चालू होताना एक निळा पडदा उघडता येतो, त्यात मशीनच्या बारीकसारीक सेटिंगा असतात. वेग वाढतो असं कुठंतरी वाचलं होतं म्हणून दिसेल ती ओळ मी चालू करून टाकली. त्यानंतर तपासायला चहा काही पुन्हा मागवला नाही.

निमगावात बसवलं, बटण दाबलं, पडद्यावर साडेसदतीस. काचेतल्या पाऱ्यावरही साडेसदतीस. मी वहिनींना समजावलं: आकडा उतरला की पेटी तापवणाऱ्या कॉइलचं बटण वाढवायचं, चढला की कमी करायचं. मग चारही थर्मामीटर रुमालात गुंडाळले आणि खिशात घातले. "आता यांची गरज नाही."

आबांनी विचारलं, "मग न्हेतोस कशाला?"

मी एसटीची वेळ झाली म्हणालो आणि निघालो.

आठवड्याभरानं एका दुपारी लाईट गेली. घोंगड्या पडल्या. लाईट आली, कॉम्प्युटर आपोआप उठला आणि पडद्यावर पहिल्या पेटीचा आकडा छत्तीस दाखवायला लागला. वहिनींनी माझ्या सांगण्यावरून पहिल्या पेटीची कॉइल वाढवली. आकडा छत्तीस. आणखी वाढवली. छत्तीस. संध्याकाळी झाकण उघडलं तर आतून भट्टीसारखी वाफ आली. त्या पेटीतलं एकही अंडं पुढं फुटलं नाही.

एसटीडी बूथवरून निरोप आला आणि मी इंदापूरची एसटी धरली. शेडमध्ये शिरल्याशिरल्या आमच्या धंद्यात सगळे करतात तेच केलं: कॉम्प्युटर बंद करून चालू केला. दुसऱ्या पेटीचं तापमान पडद्यावर बघितलं, बरोबर. तिसरीचं, बरोबर. मग मी जे वाक्य बोललो ते लिहिताना अजून हात अडतो. म्हणालो, "वहिनी, मशीन तर बरोबर आहे. तुमच्याकडूनच कॉइल जास्त फिरली असणार."

वहिनींनी मला चहा दिला, वर पोहेही दिले.

तरी मनात खुटखुट होतीच. दुकानात बसून मी कर्नलच्या मागं लागलो. प्रोसेसर स्वतःजवळ ठेवलेली तापमानाची जुनी नक्कल वाचत असेल म्हणून त्याला नक्कल ठेवायची बंदी केली. वाट काढायचा कोड बदलला. आख्खा कर्नल नव्यानं बांधला. माझ्या मशीनवर त्याला निम्मा दिवस लागायचा. तो फ्लॉपीवर घेऊन निमगावला गेलो, टाकला, बंद करून चालू केलं. आकडा अचूक! छाती काढून परत आलो. चार दिवसांनी पुन्हा बूथवरून निरोप: आकडा हलत नाही. पुन्हा कोड, पुन्हा फ्लॉपी, पुन्हा बंद-चालू, पुन्हा अचूक. एसटीचा कंडक्टर मला आता "आज पण?" असं विचारायला लागला होता.

चौथ्या खेपेला दारातच आबा म्हणाले, "इंजिनेरराव, तुमी आला की त्यो शाना हुतोय. गेला की पुन्ना येडा."

मला तो मशीनचा खोडसाळपणा वाटला. आत जाऊन सवयीनं बटणाकडे हात नेला, तर वहिनींनी माझं मनगटच धरलं.

"थांबा भाऊजी. हात लावू नका. आधी हे बगा."

पत्र्याच्या दारावर त्यांनी खडूनं आकडे मांडले होते. लाईट कधी गेली, कधी आली, आली तेव्हा पडद्यावर काय होतं. मग त्यांनी दुसऱ्या पेटीतली वायर बाहेर ओढली आणि तिचं टोक सरळ पाण्याच्या माठात बुडवलं. आम्ही तिघं पडद्याकडे बघत राहिलो. सदतीस. माठातलं पाणी सदतीस!

"त्यो फकस्त उठताना बगतोय," वहिनी म्हणाल्या. "मग दिसभर त्येच सांगतोय. तुमी आलं की त्याला उठवताय, म्हणून तुमच्यासमोर खरं बोलतोय."

निळ्या पडद्यातली ती ओळ डोळ्यांसमोर आली. वेग वाढावा म्हणून मी जे चालू केलं होतं त्याचा अर्थच हा होता: मशीन उठताना कार्डाच्या गटाची एक नक्कल काढून ठेवायची आणि नंतर कुणीही तो गट मागितला की नक्कल दाखवायची. तलाठ्याच्या समोर कुणीतरी सकाळचाच उतारा ठेवला होता आणि तो शिवार समजून दिवसभर तोच वाचून दाखवत होता. बिचाऱ्या कर्नलची काही चूकच नव्हती. मी इतके दिवस त्याचे हातपाय तपासत होतो, आणि नक्कल त्याच्या पायाखालीच ठेवलेली. ती ठेवणारा मीच.

ओळ बंद करायला एक मिनिट लागलं. वायर माठात टाकली, आकडा झरझर उतरला.

मग मला दुसरंच सुचलं. "वहिनी, एवढे दिवस बाकीच्या पेट्या कशा सांभाळल्या?"

त्यांनी पेटीतलं एक अंडं काढलं, डोळा मिटला आणि पापणीला टेकवलं. "आई करायची. बरं वाटलं की बरूबर. पापणी आखडली की जास्त." दिवसातून आठ-दहा वेळा, तीन पेट्यांत, त्या असंच करत होत्या. आणि थर्मामीटर माझ्या दुकानातल्या खणात.

"मला बोलला का नाहीत?"

"तुमी मशीन बरूबर हाय म्हनला. मग माझ्याच हातनं झालं आसंल, असं मी अंडीवाल्या बायांना सांगून टाकलं. ही पेटी बी गेली असती, तर पुन्ना कुनी अंडं दिलं नसतं."

दुसऱ्या पेटीला फुटायला नऊ दिवस होते. त्या नऊ दिवसांत मी दुकानात एकही ओळ लिहिली नाही.

नवव्या दिवशी गेलो तेव्हा थर्मामीटर रुमालात होते, तोच रुमाल. पेटीतून चिवचिव ऐकू येत होती. पिल्लं ओली, अंगाला टरफलं चिकटलेली, एकमेकांच्या डोक्यावर पाय देत होती. बाया टोपल्या घेऊन जमल्या होत्या. त्यांच्यासमोर मी सांगितलं, की पहिली पेटी वहिनींच्या हातनं गेली नाही, माझ्यामुळे गेली. नक्कल, उतारा, सगळं सांगायला लागलो, तर एक म्हातारी म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे बाबा, माझी पिल्लं मोज." तेवढ्यावर मिटलं. जाताना दोघींनी नवी अंडी ठेवली. वहिनींनी ती पदरानं पुसून ओळीनं मांडली, आणि महिन्याभरात पहिल्यांदा मला त्या हसताना दिसल्या.

मी थर्मामीटर पुन्हा जागेवर बसवत होतो. तेवढ्यात आबा एक अंडं घेऊन आले.

"इंजिनेरराव, डोळा मिटा. सांगा, बरूबर हाय का?"

मी डोळा मिटला. पापणीला अंडं लागलं. गार की गरम मला काही कळेना, पण सगळ्या बाया बघत होत्या. घसा खाकरून म्हणालो, "बरोबर. साडेसदतीस असावं."

"माठाच्या बुडातलं हाय ते," आबा म्हणाले, आणि सुनेकडे वळले. "सूनबाई, ह्येला एकदा बंद करून चालू कर गं."