जुन्या गोळीचा नवा पत्ता

तारनाक्याला आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या बाई जुनी अँटिबायोटिक्स कॅन्सरच्या पेशींवर वापरून बघतात. संध्याकाळी प्रयोगशाळेतून आल्या की किल्ली कुलपात घालतात आणि दार न उघडता माझ्याशी बोलत उभ्या राहतात.

"हौ काका, होणार म्हणजे होणारच! गोळी जुनीच, तिला फक्त गाठीचा नेमका पत्ता द्यायचाय. मग ती दुसऱ्या कुणाचं दार ठोठावणार नाही."

इतकी खात्री ऐकून एक दिवस मी मेडिकलमधून तीच गोळी घेऊन आलो. बायकोची केमो चालू होती. बाईंना स्ट्रिप दाखवली. वाटलं, खूश होतील.

त्यांनी ती माझ्या हातातून काढूनच घेतली.

"नक्को काका. माझ्या पेशी काचेच्या बशीत राहतात. काकू घरात राहतात."

मी चिडलो. "मग रोज होणार होणार म्हणता ते?"

"होणारच," त्या तितक्याच ठामपणे म्हणाल्या आणि स्ट्रिप पर्समध्ये टाकली. "तोवर केमो चुकवायची नाही. उद्या किती वाजता निघायचं? गाडी मी काढते."