परड्यातला टाकळा

आमच्या मालकांचा जीव म्हशींत, आणि गाजरगवत त्यांच्या जिवावर उठलेलं. शिरोलीतल्या आमच्या घरामागचं परडं त्या बारक्या पांढऱ्या फुलांनी भरलं की ह्यांचे डोळे सुजायचे, मान चिरायची, छातीत शिट्टी वाजायची. डॉक्टरांचं एकच म्हणणं, म्हशी विका आणि शहरात फ्लॅट बघा. ते ऐकलं की मालक दिवसभर जेवायचे नाहीत.

मला असा संताप यायचा! तोंडाला पदर बांधून दर पावसाळ्यात मी परडं खरवडून काढायची. गाजरगवत, टाकळा, हिरवं दिसेल ते उपटायची. शेजारीण म्हणायची, "काय लख्ख ठेवलंय ओ परडं!" आणि त्या लख्ख मातीत मेलं गाजरगवत पुन्हा दुपटीनं हजर.

गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर गोठ्यात घसरून माझा हात मोडला. आता परडं कोण साफ करणार? मालकांनी हाय खाल्ली आणि एका गिऱ्हाइकाला सांगून टाकलं, दिवाळी झाली की म्हशी न्या. इकडं परड्यात टाकळा माजला, कोवळा असताना आपण भाजीला खुडतो तोच. खिडकीतून बघून माझा नुसता जीव जळायचा.

प्लास्टर निघाल्यावर विळा घेऊन आत शिरले. टाकळा कमरेएवढा, पिवळ्या फुलांचा. हातानं बाजूला सारून खाली बघितलं आणि तशीच उभी राहिले. त्या दाट सावलीत गाजरगवत होतं, पण दोऱ्यासारखं बारीक, पिवळं पडलेलं. एकाला फूल असेल तर शपथ! अगं बाई, जे मला खुरप्यानं जमलं नाही, ते टाकळ्यानं नुसतं शेजारी उभं राहून केलं होतं. आणि मी त्यालाच उपटत आले होते. दिवस कलला तशी टाकळ्याची पानं जोडीजोडीनं मिटायला लागली, तरी मला तिथून हलवेना.

मालकांना हाक मारली. ते नाकाला रुमाल लावून कुंपणाशीच थांबले.

"डोळं शेवटचं कवा सुजलं हुतं तुमचं?"

त्यांनी आठवून बघितलं. मलाही आठवेना. आम्हाला वाटत होतं, डॉक्टरांनी दिलेलं नवं मलम लागू पडलंय.

दिवाळी झाली आणि गिऱ्हाईक टेम्पो घेऊन दारात आलं. मालक गोठ्याचं दार अडवून उभे राहिले.

"पावणं, च्या घ्या आन् जावा. म्हशी न्हाईत द्यायच्या."

मी चहा ठेवायला म्हणून आत गेले आणि ढसाढसा रडले.