राफ्टिंगला नोव्हेंबर बरा

राफ्टिंगला जायची उत्तम वेळ कोणती, हे मला कुणीही झोपेतून उठवून विचारावं. जुलै-ऑगस्टात ऋषिकेशला गंगा गढूळ आणि पिसाळलेली असते, तेव्हा राफ्टिंग बंदच असतं. सप्टेंबर संपता संपता सुरू होतं, पण पाण्याला ओढ फार. डिसेंबर-जानेवारीत पाणी इतकं गार की हाताची बोटं आपली राहत नाहीत. मार्च-एप्रिल चांगला. मे महिन्यात माणसांचीच लाट. राहता राहिला नोव्हेंबर. पाणी निवळून हिरवं झालेलं असतं, जोर ओसरलेला असतो पण पार गेलेला नसतो, आणि दुपारी पाठीवर ऊन येतं. पोहता न येणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या तीन बायकांसाठी नोव्हेंबरच बरा.

तीन बायका म्हणजे मी, समोरची आणि वरची. भोपाळमधल्या एका सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये आम्ही एकाच ब्लॉकमध्ये राहत होतो. समोरची मूळची नागपूरची, तिचा नवरा आमच्याच कारखान्यात. वरची ग्वाल्हेरची, टाउनशिपच्या शाळेत शिकवायची. दोघींना दोन-दोन मुलं. मी कारखान्याच्या प्लॅनिंग सेक्शनमध्ये होते. कोणतं काम कोणत्या मशीनवर कधी चढवायचं, हे ठरवण्याचा मला पगार मिळायचा. लग्न केलं नव्हतं. क्वार्टर माझ्या एकटीच्या नावावर होतं, आणि ते मिळवताना ‘एकट्या बाईला दोन खोल्या कशाला’ हेही ऐकून झालं होतं.

एका रविवारी समोरचीकडे टीव्हीवर राफ्टिंग दाखवत होते. लाट अंगावर आली की त्यातल्या बायका किंचाळायच्या आणि लाट गेली की एकमेकींच्या गळ्यात पडून हसायच्या. आम्ही तिघी मटार सोलत होतो, ते थांबलं. “आपण जायचंच,” वरची म्हणाली. मला ते ‘आपण’ फार आवडलं. टाउनशिपमध्ये बोलावणी पुष्कळ यायची, बारशापासून मुंजीपर्यंत मी सगळीकडे जेवून यायचे. पण ती त्यांच्या त्यांच्या घरची कार्यं. माझ्यासकट ‘आपण’ म्हणून काही ठरत होतं ते पहिल्यांदाच. वेळ ठरवायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं आणि मी ते आनंदाने घेतलं.

मी नोव्हेंबर सांगितला. वरची म्हणाली, “तेव्हा पोरांच्या परीक्षा असतात, सुट्टी मिळणं मुश्किल आहे गं.” मी मार्च सांगितला, तर समोरची माझ्यावर उखडली. “मार्चमध्ये ह्यांना कोण सुट्टी देऊन राहिलं बाई?” तिचंही खरं होतं. सरकारी कारखान्याला जानेवारी लागला की वर्षाचं टार्गेट आठवतं, आणि मार्च एंडिंगपर्यंत रजेचा अर्ज करणारा माणूस देशद्रोही ठरतो. एप्रिलमध्ये मुलांची नवी इयत्ता. मे महिना माहेरचा. ऑक्टोबरात दिवाळीची साफसफाई. दोघींनी असा नन्नाचा पाढा लावला की बारा महिन्यांतून जेमतेम जुलैचा शेवट उरला. मी म्हटलं, तेव्हा नदी बंद असते. त्यावर दोघींनी अशी मान हलवली, जणू नदीच आडमुठी आहे.

मीही हटणाऱ्यातली नव्हते. मशीन बिघडो, माल उशिरा येवो, तारीख बसवायची हाच माझा धंदा होता. दोन दिवाळ्या अशाच गेल्या. मग एकदा बिट्टन मार्केटच्या हाटातून भाजी घेऊन येताना मी पुन्हा विषय काढला. समोरचीने पिशवीचा हात बदलला आणि म्हणाली, “तू जाऊन ये ना. तुझं काय बाई, एकटा जीव सदाशिव! मग आम्हाला सांग कसं आहे ते.” तिने प्रेमानेच म्हटलं होतं. मला मात्र संताप आला, आणि त्या संतापातच मी नोव्हेंबरचं तिकीट काढलं.

“कितने लोग हैं?” कॅम्पवरच्या माणसाने विचारलं. “एक,” मी म्हटलं. बाकीचे मागून येत असतील म्हणून त्याने माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. शेवटी एका दिल्लीच्या कुटुंबाबरोबर मला बसवलं. त्यांनी सरकून मला मध्ये जागा करून दिली. नदी अगदी मी सांगत होते तशी होती, हिरवी आणि उन्हाने चमकणारी. पहिली मोठी लाट आली तेव्हा सून सासूला बिलगली, मुलाने बापाचं जॅकेट धरलं. मी दोरी धरली. लाट गेल्यावर सगळे एकमेकांकडे बघून हसायला लागले. हसू मलाही आलं, पण कुणाकडे बघून हसायचं ते कळेना. मी काठावरच्या दगडांकडे बघून हसले. नंतर सासूबाईंनी मला घरची मठरी खायला दिली. भली माणसं होती. तरी संध्याकाळी वाळूवर चहा पिताना मला रडू आलं, आणि आपण एवढ्या लांब रडायला आलो याचा रागही आला.

परतल्यावर दोघी जिन्यातच भेटल्या. “मजा आली?” “खूप,” मी म्हटलं. एकटी जाऊन आलेली बाई दुसरं काय सांगणार?

पुढच्या वर्षी गणपती उठले आणि दोघी उड्या मारतच माझ्याकडे आल्या. नोव्हेंबरला नवरे-मुलांसकट जायचं पक्कं, म्हणाल्या. परीक्षेच्या दिवसांतही रजा काढता येते, हे वरचीला इतक्या वर्षांनी सुचलं होतं. समोरचीच्या नवऱ्याची सरकारी प्रवास सवलत वापरली नाही तर वाया जाणार होती. जे डोंगर मला तीन वर्षं हलवता आले नव्हते, ते आपोआप बाजूला झाले. मी हरखून कामाला लागले. कोणती गाडी, कोणता कॅम्प, कपडे कोणते न्यायचे, मुलांना कुठे बसवायचं, सगळं मी पाहिलं. कारखान्याच्या कामात कधी लावला नसेल एवढा जीव त्यात लावला. माझी रजा मंजूर करून घेतली. पाण्यात पायातून निसटू नयेत म्हणून मागे पट्टा असलेल्या चपला घेतल्या.

तिकिटं काढायच्या आदल्या संध्याकाळी मी सहज विचारलं, माझा बर्थ तुमच्याच डब्यात येईल ना? समोरची गोंधळली.

“अगं, तुझं तर होऊन गेलं ना मागच्या वर्षी! एका राफ्टमध्ये आठच जण बसतात म्हणे. आम्ही दोन्ही घरं मिळून बरोबर आठ.”

“तेच तेच पाहून तू बोर होशील,” वरची म्हणाली, “म्हणून तुला धरलंच नाही आम्ही.”

एका राफ्टमध्ये आठ जण बसतात, हे त्यांना मीच सांगितलं होतं. मी म्हटलं, हो, बरोबर आहे.

ते सगळे गेले. रजा रद्द करता आली असती, पण साहेबाला कारण काय सांगायचं? मी घरीच राहिले. दोन्ही घरांच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या, कुंड्यांना पाणी घालत होते. ब्लॉक एवढा शांत झाला होता की दुपारी पाळी सुटल्याचा भोंगा ऐकून बरं वाटायचं.

एका दुपारी फोन वाजला. पलीकडे वरची, आणि तिच्या मागे मुलांचा दंगा, समोरचीचं गडगडाटी हसू. “अगं, तू सांगितलेला टाइम एकदम परफेक्ट! काय पाणी आहे! मी तर हिच्या गळ्यातच पडले. तुलाही अशीच मजा आली होती ना?”

“नाही,” मी म्हणाले. “मला काही मजा आली नव्हती. मला तुमच्याबरोबर यायचं होतं. तेव्हाही, आणि आत्ताही.”

“काय म्हणून राहिली ती?” असं समोरचीने विचारलेलं मला ऐकू आलं. मग वरची म्हणाली, “आल्यावर बोलू हं,” आणि फोन ठेवला. मला हायसं वाटलं. आता त्यांना कळलं, आता सगळं सरळ होईल, असं खरोखर वाटलं.

आल्यावर कुणी काही बोललं नाही. दोघींनी माझ्यासाठी गंगाजल आणलं, एक भारी शाल आणली. कुठे जायचं निघालं की आता आधी मला विचारलं जाई, आणि मी हो म्हटलं की दोघींच्या तोंडावर सुटल्यासारखा भाव येई. माझ्यासमोर त्या फार जपून बोलू लागल्या. पूर्वी दिवसातून कितीदा तरी दार ढकलून सरळ स्वयंपाकघरात यायच्या, झाकण काढून माझी भाजी चाखायच्या, मीठ कमी आहे म्हणून मलाच झापायच्या. त्यानंतर त्या बेल वाजवायला लागल्या.