आजोबांचं नाव परत आणायला इतवारीत

गाडी सुटायला दहा मिनिटं होती आणि आजोबा प्लॅटफॉर्मवर मला तिसऱ्यांदा सांगत होते, पाकीट दुमडायचं नाही. त्यात एकच पान होतं, नागपूरच्या त्यांच्या जुन्या बाप्टिस्ट मंडळीसाठी (चर्चच्या सभासदांना सगळे मिळून मंडळी म्हणतात). आजोबांनी तरुणपणी माझ्या आजीशी लग्न केलं. आजी बौद्ध घरातली. मंडळीने सभा भरवली, हात वर करून ठरवलं आणि त्यांचं नाव नोंदवहीतून कमी केलं. मग ते पुण्याला आले आणि पुन्हा कुठल्याच चर्चची पायरी चढले नाहीत. मागच्या वर्षी आजी गेली. आता त्यांना ते नाव परत हवं होतं, पण गुडघे प्रवास करू देत नव्हते. म्हणून मी निघाले.

सकाळी नागपूरला उतरले तर बोलताना तोंडातून वाफ निघत होती. स्टेशनबाहेर तर्री पोहे घेतले (तर्री म्हणजे लाल, तिखट रस्सा, पोह्यांवर ओततात). मी उत्साहात अजून घाला म्हटलं आणि मग डोळ्यांतून पाणी गाळत उभी राहिले. ठेलेवाले काका शांतपणे म्हणाले, "पुण्याच्या दिसता."

चर्च इतवारीच्या जुन्या बाजारात, तिथे रिक्षा शिरेना. भांड्यांच्या हातगाड्यांमधून वाट काढत चर्च विचारत गेले आणि भलत्याच चर्चमध्ये जाऊन बसले. तिथे एका तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी घालत होते. ते पाहिलं आणि चूक लक्षात आली. आजोबांनी सांगितलं होतं, आमच्यात बाळाला बाप्तिस्मा नाही. कळत्या वयात स्वतः मागायचा आणि मग अख्खं पाण्यात बुडायचं. मी हळूच उठून बाहेर आले.

आमचं चर्च दोन गल्ल्या मागे निघालं. बुटकं, कौलारू. उपासना सुरू व्हायला वेळ होता, म्हणून पास्टरांनी व्यासपीठाच्या फळ्या उचलून खालचं बाप्तिस्म्याचं कुंड दाखवलं. मंडळीतल्या पहिल्या लोकांनी भिंतींच्या आधी हे कुंड खणलं म्हणे, आणि कितीतरी दिवस टिनाच्या छपराखाली त्याच्या भोवती बसून प्रार्थना केली. सोळाव्या वर्षी आजोबा याच पायऱ्या उतरले होते. मी वाकून पाहिलं. कुंड कोरडं होतं, कोपऱ्यात एक झाडू. का कोण जाणे, पण मी चपला काढल्या.

मग त्यांनी नोंदवही काढली. आजोबांच्या नावावर लाल रेघ. पुढे लिहिलेलं, 'अन्य धर्माच्या स्त्रीशी विवाह. नाव कमी.' आजीला तिथे नावसुद्धा नव्हतं.

मला वाटलेलं, पास्टर सही करतील आणि झालं. त्यांनी मान हलवली. "मी एकटा काही नाही करू शकत बेटा. सभेनं काढलं, सभाच घेईल."

उपासनेनंतर सगळे बसून राहिले. पास्टरांनी आजोबांचं पान वाचलं. त्यात दोनच ओळी होत्या. "कमलशी लग्न केल्याचा मला पश्चात्ताप नाही. तसाच घेता येत असेल तर घ्या."

सेक्रेटरी काकांनी चष्मा काढला. "परत घ्याचं तर पश्चात्ताप सांगा लागते. हा माणूस तर नाही म्हणून राहिला."

मग दुसऱ्या रांगेतल्या सिंधूबाई काठी टेकत उठल्या. मंडळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या त्याच.

"त्या सभेत मी होती. नवऱ्याकडे पाहून हात वर केला. काहून (का) केला, मले आजपर्यंत सांगता नाही आलं." त्या सेक्रेटरींकडे वळल्या. "त्यानं काहून करावा पश्चात्ताप? आपला लिहा ना."

"आपला म्हणजे कोणाचा?" सेक्रेटरींनी विचारलं.

"ज्यायचे हात वर होते त्यायचा. त्यातली मी एकटीच उरली. माझ्यापासून सुरू कर गा."

मंडळीचा पश्चात्ताप लिहून त्यांना परत घ्यायला कोण राजी, असं पास्टरांनी विचारलं आणि हात वर होऊ लागले. सेक्रेटरी मोजत मोजत माझ्यापाशी आले आणि थांबले. "तू काहून हात वर केला वं? तू मेंबर नाही ना." मला पत्ताच नव्हता हात कधी वर गेला. लोक हसले आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. दोघांनी हात खालीच ठेवले. विरोधात कोण, असं विचारल्यावरही खालीच ठेवले.

पास्टरांनी लाल रेघ खोडली नाही. खाली नवी नोंद सुरू केली आणि मान वर करून मला आजीचं नाव नीट विचारून घेतलं.

जेवताना सिंधूबाईंनी मला शेजारी बसवून दोनदा भात वाढला. आजोबांबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं ते आजीबद्दल, भाजी कशी करायची ती. मी म्हटलं, कायम खारट. त्या हसल्या आणि पदराने डोळे पुसले.

पुण्याला पोचल्यावर आजोबांना नोंदीचा फोटो दाखवला. अख्खा प्रवास मी समजत होते की मी त्यांचं नाव आणायला गेले होते. त्यांनी चष्मा लावला आणि स्वतःच्या नावावरून नजर सरळ पुढे नेली. 'कमलशी विवाह केला म्हणून यांचे नाव कमी केले, याचा मंडळीस पश्चात्ताप आहे. यांना परत घेतले.' दोन बोटांनी ते फोटो मोठा करत गेले, इतका, की शेवटी स्क्रीनवर फक्त आजीचं नाव उरलं.